पुण्यात हिटर कशाला?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. यातलं किती मला खरंच आठवतं आणि किती इनामदारांनी इतक्या वेळा सांगितलं की ते माझंच होऊन बसलं, याची मला खात्री नाही. गाडीचा रंगसुद्धा मी राखाडी म्हणतो, इनामदार फिकट निळा म्हणतात. फोटो आहे, पण तो धुक्यातला.

किश्शांचं असंच असतं. घडतात तेव्हा त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग कुणाच्या तरी लग्नात, जेवणं लांबलेली असताना, एक निघतो. त्याला धरून दुसरा येतो, आणि बघता बघता एका जुन्या गाडीच्या एका हिटरवर आपण तासभर बोलत बसलेले असतो. ऐकणारा पुणेकर असेल तर हमखास विचारतो, "पुण्यात हिटर कशाला?"

तर कशाला, ते आधी सांगतो.

आम्ही तिघे एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. वसंतराव देवस्थळी गणित, इनामदार रसायनशास्त्र आणि मी हीट ट्रान्स्फर, म्हणजे उष्णता इकडून तिकडे कशी जाते ते. त्यातच पीएचडी केली म्हणून मंडळी मला 'डॉक्टर' म्हणत. आदराने म्हणत की कसं, हे मी अजून ठरवलेलं नाही. चौथ्या कुमुदवहिनी, वसंतरावांच्या पत्नी. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे आम्ही चौघे वसंतरावांच्या गाडीतून खडकवासल्याच्या पुढे, पाण्याच्या काठाला पक्षी बघायला जायचो. खरं म्हणजे पक्षी वहिनी बघायच्या आणि त्यांची चित्रं काढायच्या. आम्ही तिघे वाद घालायचो.

वहिनींच्या बोटांना थंडी सोसायची नाही. सांधे आखडायचे, बोटं पांढरी पडायची, पेन्सिल धरता यायची नाही. त्या पुढच्या सीटवर बसून हिटरच्या झरोक्यापुढे दोन्ही हात धरायच्या आणि उतरल्यावर ती ऊब टिकेल तेवढा वेळ चित्र काढायच्या. हिटर नाही तर वहिनी नाहीत, आणि वहिनी नाहीत तर वसंतराव गाडी काढणार नाहीत. म्हणजे आमचा रविवारच नाही.

*

गाडी घेतली तेव्हा परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तोवर गाडीसाठी नंबर लावायचा आणि मिळेल ती घ्यायची, अशी आमच्या पिढीची सवय. त्यामुळे शोरूममध्ये टाय लावलेला मुलगा आम्हाला 'सर' म्हणून कॉफी देऊ लागला, तेव्हा आम्हीच ओशाळलो.

गाडी कुठल्याशा थंड देशात आखलेली होती. त्या मुलाने सगळी बटणं दाखवली आणि एक तेवढं वगळलं. वहिनींनी विचारलं, हे कसलं. तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हा हिटर आहे. पण तुम्ही वापरला नाही तरी चालेल."

वसंतरावांनी इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायला लावलं आणि हिटर पूर्ण सोडला. मे महिना, काचा बंद. त्या मुलाचा टाय सैल झाला, मग हातात आला. मागे इनामदारांनी शर्टाची वरची बटणं सोडली. वहिनी शांतपणे झरोक्यापुढे हात धरून बसल्या होत्या. इंजिन किती सीसीचं, डिकी केवढी, रंग कोणता, कुणी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "ही घेऊ या."

*

हिटरचा दुसरा उपयोग आम्हाला उन्हाळ्यात कळला, आणि तो सांगितला की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं.

इंजिन थंड ठेवणारं पाणी स्वतः तापतं. त्यातलं थोडं डॅशबोर्डच्या मागे लपवलेल्या एका लहानशा जाळीतून फिरवतात, म्हणजे घरातल्या वहीएवढा छोटा रेडिएटरच. त्या जाळीवरून पंखा हवा सोडतो, ती गरम होऊन आत येते. या जाळीला हिटर कोअर म्हणतात. आता घाटात इंजिन तापायला लागलं की हिटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता या जाळीवाटे बाहेर, अर्थात आपल्या अंगावर, येते. इंजिन वाचतं. माणसांचं बघून घ्यायचं.

आमची गाडी कात्रजच्या घाटात तापायचीच. त्यामुळे साताऱ्याला जाताना, भर उन्हाळ्यात, आमच्या गाडीचा हिटर चालू असायचा. शेजारून एसी लावलेल्या गाड्या जायच्या, त्यांतली लहान मुलं आमच्याकडे बोट दाखवायची.

एकदा इनामदारांच्या भाचीच्या लग्नाला असे पोहोचलो. इनामदारांचा झब्बा पिळून काढण्याजोगा झाला होता. दारात अत्तर लावायला उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे बघून अत्तरदाणी बाजूला ठेवली आणि टॉवेल मागवला.

*

त्याच प्रवासात परतताना रेडिएटर गळायला लागला. घाटाच्या वरच्या बाजूला गाडी थांबवली. खाली पाण्याची धार. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हळद टाका. बसतं भोक."

ही युक्ती त्या काळी सगळ्या हमरस्त्यांवर माहीत होती. हळद पाण्यात फुगते, गळतीच्या जागी जाऊन बसते आणि भोक बुजतं. प्रश्न एवढाच होता, की घाटात हळद आणायची कुठून. तर वहिनींनी वाईहून वर्षाची हळद घेतली होती. ती डिकीत होती.

ट्रकवाल्याने चमचाभर म्हटलं होतं, असं माझं मत आहे. वसंतरावांचं म्हणणं, त्याने प्रमाण सांगितलंच नाही, आणि प्रमाण दिलेलं नसेल तर पुरेशी मोठी संख्या घ्यावी. मी म्हणालो, "जाळीत बसली तर?" पण मी हे इतक्या हळू म्हणालो की मलाच नीट ऐकू आलं नाही. म्हटलं होतं की नुसतं मनात आलं होतं, कोण जाणे.

गळती थांबली. वसंतराव इतके खूश झाले की घरी पोहोचेपर्यंत त्या ट्रकवाल्याचं कौतुक चाललं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आता वर्षभर आमटी पांढरी."

*

पुढच्याच महिन्यात पुन्हा घाट चढत होतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला, वसंतरावांनी नेहमीप्रमाणे हिटर पूर्ण सोडला आणि आम्ही नेहमीप्रमाणे रुमाल काढले. पण आत आला तो साधा वारा! बरा होता. छानच होता.

यावर गाडीतल्या तीन प्राध्यापकांनी जी कारणं दिली ती अशी. इनामदार म्हणाले, आता शरीराला सवय झाली. वसंतराव म्हणाले, आज घाटाला आपली दया आली. आणि मी, ज्याने आयुष्यभर हीट ट्रान्स्फर शिकवलं तो मी, म्हणालो की वरच्या बाजूला वळीव झाला असावा.

आम्ही काचा वर घेतल्या, बडीशेप वाटली. इनामदार गुणगुणायला लागले. मग पहिल्या मोठ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली.

*

त्या हिवाळ्याच्या पहिल्या रविवारी वहिनींनी झरोक्यापुढे हात धरले आणि थोड्या वेळाने शालीत घेतले. पाण्यावर त्या वर्षीची पहिली बदकं उतरली होती. वहिनींनी पेन्सिल उचलली, ती हातातून निसटली, पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मग म्हणाल्या, "आज नुसती बघते."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. घरी काम आहे म्हणाल्या. वसंतराव आमच्यासाठी खाली उतरले, पण गाडीची किल्ली वरच विसरले होते. आणायला गेले नाहीत.

मग मात्र आम्ही हलून कामाला लागलो.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला वानखेडे नावाचे मेकॅनिक होते. मूळचे अकोल्याकडचे, पुण्यात येऊन बरीच वर्षं झालेली, पण बोली तिकडचीच. त्यांनी आधी पंखा बदलला. मग थर्मोस्टॅट बदलला. हवा गारच. शेवटी ते म्हणाले, "सर, पुन्यात हिटर कायले पायजे? दोन्ही नळ्या एकमेकीले जोडून देतो. पानी जाळीत जानारच नाही, झगडाच मिटला."

वसंतराव म्हणाले, "झगडा हिटरशी नाही, डिसेंबरशी आहे." आणि गाडी परत आणली.

वसंतरावांची मुलगी मीनल तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये होती. अमेरिकेतल्या घरांच्या हिटिंगची बिलं जुळवणारा प्रोग्रॅम हे तिचं काम. तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, मी हिटर अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही." पण तिने ऑफिसातून इंटरनेटवरची काही पानं छापून आणली. त्यातली पहिली सूचना अशी होती, की आधी गाडीवरचा बर्फ झटकून घ्या.

त्याच पानांत पुढे खरी परीक्षा होती. इंजिन तापवायचं आणि हिटरला जाणाऱ्या दोन नळ्यांना हात लावून बघायचा. दोन्ही गरम, तर पाणी फिरतंय. एक गरम आणि दुसरी गार, तर जाळी तुंबली. मला हे माहीत होतं. म्हणजे असायला हवं होतं. इनामदारांनी आधी हात लावला आणि बोट भाजून घेतलं, त्यामुळे दुसरी नळी त्यांनी पाहिलीच नाही. मग मी पाहिलं. एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार.

मी म्हणालो, "याचे किमान तीन अर्थ संभवतात."

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, त्यातला पहिला सांगा."

"तुंबलंय."

"मग बाकीचे दोन राहू द्या."

*

जाळी धुण्याचा कार्यक्रम सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. दोन्ही नळ्या सोडवल्या. बागेला पाणी घालायचा पाइप उलट्या बाजूने लावला, म्हणजे पाणी जिकडून बाहेर येतं तिकडून आत सोडायचं, की अडकलेलं मागे ढकललं जातं. वसंतरावांनी नळ सोडला. आधी काहीच नाही. मग गुरगुर झाली. मग असा पिवळाधमक लोंढा आला की सेक्रेटरींची नुकतीच धुतलेली स्कूटर आणि इनामदारांचा पायजमा एका रंगाचे झाले.

इनामदारांचं मत पडलं, की हळद निघाली पण बोअरच्या पाण्याचा क्षार आत असणार. तो काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व. मुलांना आयुष्यभर थेंब मोजायला लावलेला हा माणूस. मी विचारलं, किती टाकायचं? ते म्हणाले, "डॉक्टर, हे काही प्रॅक्टिकल नाही." आणि सगळं ओतलं. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी नळ्या जोडल्या, गाडी चालू केली, हिटर सोडला. वहिनींना बोलावलं. त्यांनी हात धरले. गरम, खणखणीत गरम हवा आली! हे मला नक्की आठवतं, कारण वसंतरावांनी त्या वेळी चष्मा काढून उगाचच पुसला.

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: 'वाहनांचे हळदी समारंभ पार्किंगमध्ये करू नयेत. लग्न इतरत्र करण्यास सोसायटीची हरकत नाही.'

*

त्यानंतरचे रविवार छान गेले. वहिनी परत आल्या. जाळी धुतली त्या आठवड्यात कधीतरी मी त्यांना गाडीतलं त्यांच्या पायाजवळचं रबरी मॅट उन्हात वाळत घालताना पाहिलं होतं. म्हटलं, साफसफाई चालली असेल.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे थर्मामीटर घेऊन गेलो. आपण काय साधलं ते आकड्यात असावं, एवढाच हेतू. तो मी मागच्या सीटवरून झरोक्यापुढे धरला. वहिनींनी माझा हात हळूच बाजूला केला. म्हणाल्या, "तो काढा हो मधून, माझी गरम हवा अडते." मी थर्मामीटर खिशात ठेवला आणि तो पुन्हा बाहेर काढला नाही.

उन्हाळ्यात पुन्हा घाट. वसंतरावांनी हिटर पूर्ण सोडला. मागे आम्हाला हवा पोहोचायला वेळ लागायचा, पण पुढे वहिनी पेपरने वारा घ्यायला लागल्या. "काय बाई ही भट्टी," म्हणाल्या. वसंतराव कपाळ पुसत म्हणाले, "सहन कर, इंजिन जपायचंय." इनामदार आणि मी मागे घाम पुसत होतो. काटा जागचा हलला नाही. घाट संपल्यावर इनामदारांनी सायट्रिक ॲसिडवर छोटं भाषण केलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

*

याच काळात वसंतराव कॉफी करायला शिकले. हे आमच्यात फार मोठं नवल होतं. घरात गॅसचा लायटर कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. आता दर रविवारी ते आमच्याआधी उठून थर्मासभर कॉफी करून आणायचे. कॉफी वाईट असायची. आम्ही तसं सांगायचो, ते मान हलवायचे आणि पुढच्या रविवारी तशीच आणायचे.

पाण्याच्या काठाला पोहोचलो की गाडीतून उतरायच्या आधीच ते पहिला पेला वहिनींना द्यायचे. स्टीलचा, काठोकाठ, वाफाळता. "दोन्ही हातांनी धर," म्हणायचे. वहिनी धरायच्या. कॉफी निवली की दुसरा पेला. आम्ही चेष्टा करायचो, की लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वसंतरावांना आता पाझर फुटलाय.

मी एकदा शास्त्रशुद्ध सूचना केली. स्टील उष्णता पटकन सोडतं, हाताला चटका बसतो आणि कॉफीही लवकर निवते. त्याऐवजी चिनी मातीचा, कानाचा कप आणावा.

वसंतराव म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पक्षी बघा."

*

आता शेवटचं. वसंतराव गेले. वहिनी मीनलकडे, तिच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. चित्रं अजून काढतात, खिडकीतल्या उन्हात बसून. गाडी तशीच पार्किंगमध्ये उभी होती. वानखेडेंनी ती सुट्या भागांसाठी मागितली, तेव्हा नेऊन पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी ती मार्केट यार्डाच्या गर्दीतून, हमालांच्या हातगाड्यांना घाबरत, त्यांच्या गॅरेजपर्यंत नेली.

वानखेडे आता थकले होते. त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं. मी आत पाहिलं. हिटरच्या दोन्ही नळ्या जाळीकडे जातच नव्हत्या. पितळेच्या एका तुकड्याने त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. तुकडा जुना, हिरवा पडलेला.

मी विचारलं, हे कधी केलं.

"तुमी लोकाईनं ते ॲसिड टाकून धुतलं ना, त्याच आठोड्यात. जाळीच गळाले लागली, म्याडमच्या पायापाशी पानी. त्या एकट्याच गाडी घेऊन आल्त्या. नवी जाळी तं कुठं भेटत नव्हती. म्हने, जोडून टाका. पन सरले आन त्याईच्या दोस्ताईले सांगू नका, त्याईनं लय मेहनत केली."

वानखेडे बॉनेटवर हात टेकून उभे होते.

"दोन-चार दिसानं सर आले. एकटेच. त्याईनं सोताच बॉनेट उघडलं, असंच पाह्यलं. घाटात गाडी तापू नये म्हून रेडिएटर नवा टाकून घेतला. म्हने, मले माहीत हाये हे तिले कळू देऊ नका. नाही तं रविवार बंद होईन."

इंजिन चालूच होतं. मी एका नळीला हात लावला, मग दुसरीला. दोन्ही सारख्याच गरम होत्या.